दुसरं हां

मोशीच्या भैरूकडे येऊन कुणी "आमच्या दारचं झाड पाडायचंय" असं म्हणालं, की भैरू त्याच्याकडे नुसता बघत राहायचा. मग म्हणायचा, "पाडायचं आसंल तर कुनालाबी बोलवा. कुऱ्हाड घरोघर असती. मला उतरवाया येतं." आणि पुन्हा विडी ओढायला लागायचा. समोरचा निमूट शब्द बदलायचा, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकायचं. ताठा होता, कबूल. पण कमावलेला ताठा होता. रानातलं झाड कुणीही पाडतो. घराला खेटून उभं असलेलं, एक फांदी आपल्या कौलांवर नि दुसरी शेजाऱ्याच्या गोठ्यावर, असलं झाड पाडता येत नाही. ते वरून खाली, फांदी फांदी करून, दोराला टांगून जमिनीवर आणून ठेवावं लागतं. कौल फुटता कामा नये आणि खालच्या तुळशीचं पान हलता कामा नये. चाकणपासून चिंचवडपर्यंत हे काम नीट येणारी माणसं दोनच. एक भैरू, दुसरा चिखलीचा सयाजी. आणि खरं सांगायचं तर ती दोन नव्हतीच, तो एक जोड होता.

जोड असा, की सयाजी वर आणि भैरू खाली. सयाजी अंगानं काटक, झाडावर चढला की खाली यायचं नाव घ्यायचा नाही. भैरूची मनगटं जाड, म्हणून नाडा त्याच्याकडे. नाडा म्हणजे मोटेला लावतात तसला अंबाडीचा जाड दोर. सयाजी तो वरच्या बेचक्यातून टाकून फांदीला बांधायचा, आणि भैरू दुसरं टोक खाली एखाद्या बुंध्याला वेढे देऊन धरायचा. वर फांदी कापली की ती दोराला लटकायची, मग भैरू वेढे सैल करत करत तिला जमिनीवर घ्यायचा. आता वर चाळीस हातांवर वारा असतो. वाऱ्यात 'सोड' आणि 'ओढ' सारखंच ऐकू येतं, आणि या दोन शब्दांमधे माणसाचा जीव असतो. म्हणून ह्यांचं सगळं काम एका 'हां'वर चालायचं. एक हां म्हणजे सोड, येऊ दे खाली. दोन हां म्हणजे थांब, धर. ह्यात त्यांनी काही शोध लावला नव्हता. पंगतीत वाढणारीला आपण 'हां' म्हटलं की ती वाढते आणि 'हां हां' म्हटलं की हात आखडते, तेच हे.

वीस वर्षं त्यांनी अशी झाडं उतरवली. सयाजीची बायको गोजाबाई म्हणायची, "ह्ये माझ्याशी महिन्यात बोलत न्हाईत तेवढं भैरूभावजींशी एका दिसात हां हां करत्यात." दोघंही हसायचे आणि तंबाखूची एकच पिशवी दोघांत फिरायची.

स्वराज्य आलं त्याच्या आदल्या साली चाकणात एका व्यापाऱ्याच्या घरामागची चिंच उतरवायला घेतली. दुपार टळून गेली होती, शेवटचे दोन-तीन फाटे राहिले होते. फाटा हलका दिसतोय म्हणून भैरूनं नेहमीचे तीन वेढे न देता दोनच दिले. वरून हां आलं. त्यानं दोर सैल केला. दोर चालायला लागला, आणि लगेच वरून आलं, हां हां. सयाजीचा पाय दोराच्या नि फांदीच्या मधे सापडला होता. भैरूला ते ऐकू आलं. चांगलं दोनदा, स्पष्ट ऐकू आलं. त्यानं मूठ आवळली, तसा दोर तळहाताचं कातडं सोलत सरसरत गेला, आणि त्या आगीनं भैरूची मूठ उघडली. बस, एवढंच. हात भाजला म्हणून त्यानं दोर सोडला. आधी फाटा खाली आला आणि त्याच्यामागोमाग सयाजी आला.

सयाजी जगला. मांडीचं हाड हाडवैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं, आणि पाय चार बोटं आखूड झाला. त्या दिवशी चिंचेखाली जमलेल्या लोकांनी विचारलं, "आरं, झालं काय?" आणि भैरू म्हणाला, "एकच हां आलं वरनं."

चार शब्द. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जातात असे. त्याच संध्याकाळी ते परत घेतले असते तर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तेव्हा त्यानं तेच सांगितलं, आठवड्यानं पुन्हा तेच, आणि मग ते गावागावांत पक्कं होऊन बसलं. शुद्धीवर आल्यावर सयाजी दोन-तीनदा म्हणाला म्हणे, "मी दोन म्हनलो हुतो." मग तोही बोलायचा थांबला. भैरू दोनदा चिखलीला जाऊन आला. दोन्ही वेळा सयाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिसऱ्या वेळी भैरूचे पाय चिखलीच्या वाटेला वळलेच नाहीत. राग आहे त्याला, भैरूनं मनाशी धरलं. असणारच. दोनदा हां म्हटलेला माणूस खोटा पडला, त्याला राग नाही यायचा तर कुणाला यायचा.

ह्याला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांत भैरू नाडा धरायला पुन्हा झाडाखाली उभा राहिला नाही. पंचेचाळिशी उलटलेला तो जाडजूड माणूस स्वतःच झाडावर चढायला लागला. लोक हसायचे. खाली दोर धरायला रोजानं गडी घ्यायचा, पण गडी टिकेनात. तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना झाला, निर्वासितांच्या छावणीतल्या सिंध्यांनी दुकानं थाटली, रस्त्याची कामं निघाली. झाडाखाली मान वर करून दिवसभर उभं राहायला कोण येतंय? तशातच बायको भागूबाई तापानं गेली. मुलगी दिली होती जुन्नरकडे, ती वर्षातून एकदा यायची आणि जाताना रडायची. मग घरात भैरू आणि चूल. भाकरी करायला तो शिकला. दोन करायचा आणि एक उरायची. उरते हे माहीत असूनही दोनच करायचा, कारण एकीसाठी पीठ मळायला बसलं की त्याला कसंतरी व्हायचं.

सयाजीचं आणि त्याचं एवढ्या वर्षांत एकच नातं उरलं होतं, तेही चोरटं. पाय गेल्यावर सयाजी घरी बसून करवतींना कानस लावून द्यायचा, त्यावर त्याचं चालायचं. भैरू आपली करवत मोशीच्या लोहाराकडे टाकायचा आणि लोहार ती चिखलीला धाडायचा. कुणाची करवत आहे ते लोहार सांगायचा नाही. पण भैरूच्या करवतीचा मधला एक दात तुटका होता, आणि तो सयाजीच्या हातूनच तुटला होता. तो काय ओळखणार नाही? करवत परत यायची ती अशी, की लाकडाला नुसती टेकवली तरी चालावी. भैरू तिच्या दातांवरून अंगठा फिरवायचा आणि बराच वेळ तसाच बसायचा.

एक गोष्ट त्याला सयाजीला सांगायची होती. मला दोन ऐकू आलं होतं, एवढीच. ती सांगितल्याशिवाय दोघांतला कुणी मेला तर काय, ह्या विचारानं अलीकडे त्याचं जेवण जाईना. पण चिखली तीन मैलांवर असूनही तिथवर जायला त्याला कारण सापडत नव्हतं.

ते कारण मार्गशीर्षात आपल्या पायांनी चालत आलं. सकाळी भैरू अंगण झाडत होता आणि दारात गोजाबाई उभी. केस पांढरे झाले होते, पण उभं राहायची तऱ्हा तीच, कमरेवर एक हात.

"भावजी, दारची जांभळ उतरवायची हाय," ती म्हणाली. बघा, पाडायची म्हणाली नाही. "भाऊबीजंला एक फांदी कौलावर पडली. बुंधा पोकळ झालाय. वारं आलं की करकरतीय, मला घरात झोप न्हाई."

भैरूच्या हातातली केरसुणी हातातच राहिली. "त्याला ठावं हाय का, तुमी हितं आलाय ते?"

"त्यांनीच धाडलंय. म्हनले, भैऱ्याला सांग. दुसऱ्या कुनी झाडाला हात लावायचा न्हाई."

ती पाणी पिऊन गेली. भैरू उंबऱ्यावर बसला आणि त्याला हुंदका आला. आपण रडतोय हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला, इतकी सवय मोडली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर नाडा, काखेत करवत आणि कमरेला कुऱ्हाड लावून तो निघाला. तीन मैलांत त्यानं ते वाक्य शंभरदा म्हणून बघितलं. "सया, मला दोन ऐकू आलं हुतं." हळू म्हणून बघितलं, मोठ्यानं म्हणून बघितलं. बांधावर चरणाऱ्या एका म्हशीलाही सांगून बघितलं. म्हशीनं काही मनावर घेतलं नाही. पण चिखलीची वेस दिसली तसं ते वाक्य त्याच्या तोंडातून कुठे गेलं कोण जाणे.

सयाजी ओसरीवर बसला होता, आखूड पाय पुढे पसरून. म्हातारा झाला होता. भैरूनं "राम राम" केलं. सयाजीनं मान हलवली. गोजाबाईनं जांभळीच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, मुळाशी सुपारी ठेवली आणि "बाई, लई सावली दिलीस, आता राग धरू नगंस" असं पुटपुटली. भैरूनंही बुंध्याला हात लावून तो कपाळाला लावला. अशा वेळी ती सगळी जणू एकाच घरची माणसं झाली होती.

दोर धरायला गेनू नावाचा गडी येणार होता. ऊन वर आलं तरी त्याचा पत्ता नाही. शेवटी सायकलवरून चाललेल्या कुणीतरी सांगितलं, की गेनूला पिंपरीच्या कारखान्यात लावून घेतलंय, तो आता यायचा नाही. भैरू नाड्याची वेटोळी पुन्हा खांद्यावर चढवायला लागला. आज राहिलं तर राहिलं, असं म्हणून सुटायला त्याला निमित्तच मिळालं होतं.

"नाडा मी धरतो," सयाजी ओसरीवरून म्हणाला.

अकरा वर्षांनी त्यानं भैरूशी बोललेलं हे पहिलं वाक्य. काठी टेकत टेकत तो खाली आला. अंगणात गुरं बांधायचा दगडी खुंटा होता, त्याच्यासमोर बसला, धड पाय खुंट्याला लावला आणि नाड्याचे वेढे दिले. एक, दोन, तीन. मग भैरूकडे न बघता चौथा दिला. भैरूला तो चौथा वेढा गालावर बसल्यासारखा लागला. तो झाडावर चढला.

मग सुरू झालं काम. वरून हां, आणि फांदी हळूहळू खाली. पुन्हा हां, पुन्हा फांदी. काय धरायचा तो माणूस! जन्मभर वर राहिलेला, पण खालचं काम त्याला भैरूपेक्षा चांगलं येत होतं. फांदी जमिनीला लागल्याचा आवाज येत नव्हता. गोजाबाई डहाळ्या ओढून कडेला लावत होती आणि अधूनमधून पदरानं डोळे पुसत होती, धूळ गेली म्हणून. दिवसभरात त्या दोघांत 'हां'शिवाय शब्द झाला नाही. पण अकरा वर्षं मुक्या घरात राहिलेल्या भैरूला ते एवढंसं बोलणंही पंगतीसारखं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, दुपारनंतर तो मुद्दाम लहान लहान तुकडे कापायला लागला. दोन तुकड्यांत भागलं असतं तिथे चार केले, तेवढीच हां जास्त. जांभळ संपूच नये असं त्याला वाटत होतं.

पण झाड ते झाड, ते संपतंच. उन्हं कलली तेव्हा कौलांवर गेलेला शेवटचा मोठा फाटा राहिला. भैरूनं तो बांधला, कापला आणि "हां" दिलं. दोर चालू झाला. जांभळीचं लाकूड असतं दगाबाज. फाटा मधेच उभा चिरला, गर्रकन फिरला, आणि दोराचा पीळ भैरूच्या घोट्यावर येऊन बसला. आता दोर हातभर जरी खाली गेला असता, तरी भैरू त्याच्याबरोबर गेला असता. तो ओरडला, हां. दुसरं हां म्हणायला तोंड उघडलं, तर भीतीनं घसा मिटला. नुसता वारा बाहेर आला. एकच हां गेलं खाली. आणि एक म्हणजे सोड.

दोर जागच्या जागी थांबला.

भैरूनं खाली बघितलं. सयाजी मागे पार उताणा झाला होता, धड पाय खुंट्याला रेटलेला, दोन्ही मुठी छातीशी. दोर त्याच्या हातातून वीतभर सरकला तेवढाच, पुढे गेला नाही. भैरूनं घोटा सोडवला, फांदीला मिठी मारली, मग कितीतरी वेळानं हां दिलं. फाटा कौलांना न शिवता खाली उतरला.

बुंध्याचं काम उद्यावर टाकून भैरू खाली आला. तो सयाजीसमोर मातीतच बसला. गोजाबाई पाणी आणायला आत गेली. सयाजीनं मुठी उघडल्या. दोन्ही तळहात सोलून निघाले होते, लालभडक. भैरूच्या उजव्या तळहातावर जसा जुना व्रण होता, तशीच ती आडवी खूण. फरक एवढाच, की ह्यानं मूठ उघडली नव्हती.

"दुसरं हां आलं न्हाई तुझं," सयाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पन मी वरच बघत हुतो."

"वरती आसंच व्हतं मानसाचं," सयाजी पुढे बोलायला लागला, हातांवर फुंकर घालत, अगदी घरातलं बोलावं तसं. "आज डोळ्यांनी बघितलं म्हनून खात्री पटली. आदी मला वाटायचं, मी दोनदा म्हनलो. चांगलं याद हुतं मला. पन तू म्हनलास एकच आलं, आन् तू काय मला खोटं सांगशील? मग मला वाटाया लागलं, माझंच दुसरं हां घशात ऱ्हायलं. माझ्याच तोंडानं मी पडलो, आन् वर तुलाच खोटं पाडत हुतो. तू घरी आलास तवा लाजंनं तुझ्याकडं बघाया झालं न्हाई मला. भितीकडं तोंड करून पडलो. मग तू यायचा थांबलास. मी म्हनलं, बरोबर हाय त्याचं."

भैरूला वाटलं, त्यापेक्षा ह्यानं दोर सोडला असता तर बरं झालं असतं. अकरा वर्षं तो सयाजीच्या रागाला भीत होता. राग नव्हताच. तिकडे तो माणूस स्वतःच्याच तोंडावरचा विश्वास हरवून बसला होता, आणि वर भैरूच्याच करवतीला कानस लावत होता. आणि आता तर सुटायची वाट सयाजीनं आपल्या हातानं मोकळी करून दिली होती. नुसतं "व्हय रं, आसंच झालं आसंल" म्हणायचं, की उद्यापासून तंबाखूची पिशवी पुन्हा दोघांत फिरली असती. जन्मभर फिरली असती. कुणाला कळणार होतं?

भैरूनं आपला उजवा हात उघडून सयाजीच्या हातांशेजारी धरला.

"सया, तुझं दुसरं हां आलं हुतं. चांगलं आयकू आलं हुतं मला. दोन म्हनलास तू. हात भाजला म्हनून मी सोडला नाडा. आन् मग खोटं बोललो."

सयाजी त्या व्रणाकडे बघत राहिला. मग त्यानं वर, जांभळ होती त्या जागेकडे बघितलं. तिथे आता नुसतं आभाळ होतं. त्याचे ओठ हलले. "दोन म्हनलो हुतो," तो स्वतःशीच म्हणाला. आणखी एकदा म्हणाला, "दोन म्हनलो हुतो मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. गोजाबाई तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

भैरू बसून होता. शिव्या येतील म्हणून बसला, काठी बसेल म्हणून बसला. काहीच येईना. गोठ्यात गाय एकदा हंबरली. शेवटी सयाजीनं काठी ओढून घेतली, उठला, ओसरीकडे वळला, आणि पाठमोराच म्हणाला,

"हां."

भैरूला कळलं. एक म्हणजे सोड. ह्या माणसानं आपल्याला सोडलं, ते माफ करून सोडलं की कायमचं सोडलं, हे विचारायचा हक्क आपला नाही, एवढंही कळलं. त्यानं नाडा गोळा केला नाही. तो तिथेच खुंट्याला राहू दिला. करवत तेवढी घेतली आणि तो निघाला.

अंगणातून वेशीपर्यंतची वाट काही फार नाही, पण भैरू फार हळू चालला. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वहाणा हातात घेतल्या. आणखी एक हां आलं असतं तर ती दोन झाली असती, आणि दोन म्हणजे थांब. ह्या खेपेला आलं तर ते आपल्याला ऐकू आलंच पाहिजे, म्हणून तो कान मागे लावून चालत होता. वेशीशी तो उभा राहिला. दिवे लागेपर्यंत उभा राहिला. मग वहाणा पायांत घातल्या आणि मोशीचा रस्ता धरला.